नवं घर, नवी नळजोडणी: नियमात बसणारं प्लंबिंग कोणत्या क्रमानं करायचं

नळजोडणीचे नियम म्हणजे अर्ज, अनामत रक्कम आणि परवानाधारक प्लंबरची सही, असं घर बांधणारे बहुतेक जण धरून चालतात. जोडणी मंजूर झाली की नियम संपले. प्रत्यक्षात सगळ्यात घातक नियमभंग होतात ते त्यानंतर, फाटकाच्या आत, आणि बहुधा घरमालकाच्या नकळत.

हे नियम मुळात दोन गोष्टींसाठी आहेत. पहिली, पालिकेच्या वाहिनीतलं पाणी फक्त मीटरमधून आणि वाहिनीच्या स्वतःच्या दाबानं आत यावं. दुसरी, एकदा आत आलेलं पाणी पुन्हा वाहिनीत जाऊ नये. पहिली सगळ्यांना माहीत असते. दुसरी प्लंबरलाही नीट समजावून सांगावी लागते.

पाणी उलटं कसं जाईल, असा प्रश्न नेहमी येतो. आपल्या बहुतेक शहरांत पाणी ठरावीक वेळेलाच सुटतं. वेळ संपली की वाहिनी रिकामी होऊ लागते. उताराकडच्या घरांत पाणी निघत राहतं आणि चढावरच्या भागात वाहिनीत पोकळी तयार होते. त्या वेळी ज्या घरात नळाची रबरी नळी बादलीत बुडालेली असते, किंवा हौदात उतरलेल्या पाइपाचं तोंड पाण्याखाली असतं, तिथलं पाणी वाहिनीत ओढलं जातं. दुसऱ्या दिवशी ते शेजाऱ्याच्या स्वयंपाकघरात येतं. पुढच्या बऱ्याच पायऱ्या याच एका कारणासाठी आहेत.

उदाहरणासाठी महापालिका हद्दीतलं एकमजली घर घेऊ: तळमजला, वर एक मजला, पाच माणसं, दिवसातून एकदा पाणी. शुल्क आणि अर्जाचे नमुने प्रत्येक पालिकेत वेगळे असतात. कामाचा क्रम मात्र सगळीकडे हाच.

## 1. खोदाईआधी कागदावर आराखडा

शहरी घरासाठी माणशी दिवसाला 135 लिटर पाणी धरतात. पाच माणसांचे 675 लिटर. एक दिवस पाणी आलं नाही तरी अडू नये म्हणून दोन दिवसांचा साठा धरला तर 1350 लिटर होतात. म्हणजे दीड हजार लिटरचा हौद आणि गच्चीवर 750 ते 1000 लिटरची टाकी या घराला पुरते. जागा आहे म्हणून दहा हजारांचा हौद बांधू नका. पाणी आठवडाभर साठून राहिलं की त्यातलं क्लोरीन उडून जातं आणि तळाशी गाळ बसतो.

आता एका कागदावर घराचा नकाशा काढा आणि चार रंगांच्या पेन्सिलींनी चार लाइन आखा: रस्त्यावरून हौदापर्यंत, गच्चीवरच्या टाकीतून नळांपर्यंत, बोअरची असल्यास ती, आणि सांडपाण्याची. पिण्याच्या पाण्याची लाइन सांडपाण्याच्या लाइनला जिथे छेदते तिथे गोल करा. काम चालू असताना त्या प्रत्येक गोलापाशी तुम्ही स्वतः उभं राहायचं आहे.

दाबाचा हिशोबही आत्ताच करा. दहा मीटर उंचीच्या पाण्याचा दाब साधारण 1 किलो प्रति चौरस सेंटिमीटर असतो. टाकी गच्चीच्या स्लॅबवरच ठेवली तर वरच्या मजल्यावरच्या शॉवरला जेमतेम एक-दीड मीटरचा दाब मिळतो, आणि मोठा शॉवर त्यावर चालत नाही. टाकीखाली चौथरा हवा की प्रेशर पंप, ते आज ठरवा. घर झाल्यावर दाब कमी पडतो आणि मग लोक थेट लाइनला मोटर लावण्याचा विचार करू लागतात.

तपासा: हौदाची जागा सेप्टिक टँक आणि ड्रेनेजच्या चेंबरपासून प्लॉटमध्ये जमेल तेवढी लांब आणि चढाच्या बाजूला आहे ना?

## 2. अर्ज आणि परवानाधारक प्लंबर

सहसा मागितले जाणारे कागद असे: मालकीचा पुरावा, मालमत्ता कराची भरलेली पावती किंवा थकबाकी नसल्याचा दाखला, बांधकाम परवानगी किंवा भोगवटा प्रमाणपत्र, ओळखपत्र, आणि परवानाधारक प्लंबरच्या सहीचा आराखडा. जोडणीसाठी रस्ता फोडावा लागणार असेल तर खोदाईची परवानगी आणि रस्तादुरुस्तीचं शुल्क वेगळं असतं. नळजोडणीची मंजुरी म्हणजे खोदाईची परवानगी नव्हे.

प्लंबरचा परवाना डोळ्यांनी पाहा आणि नूतनीकरणाची तारीख वाचा. सही एकाची आणि प्रत्यक्ष काम दुसऱ्याचं, हा प्रकार सर्रास चालतो. काम संपल्यावर परिपूर्तीच्या दाखल्यावर त्याच प्लंबरची सही लागते, आणि त्यानं न पाहिलेल्या कामावर तो सही करत असेल तर त्या सहीला काही किंमत राहत नाही. काम संपेपर्यंत तो किमान तीन वेळा येईल, हे बोलून घ्या: मीटर बसवताना, दाबचाचणीला आणि निर्जंतुकीकरणाला.

साध्या घराला 15 मिमीची, म्हणजे अर्धा इंची जोडणी पुरते. मोठी मागून फायदा नाही, शुल्क मात्र वाढतं.

सावध: बांधकामासाठी घेतलेली तात्पुरती जोडणी घर झाल्यावर तशीच वापरू नका. तिचा दर आणि प्रकार वेगळा असतो. ती बंद करून किंवा रूपांतरित करून घरगुती करून घ्यावी लागते.

पैसे भरा ते पावतीवरच. अर्जाचा पोच क्रमांक जपून ठेवा. नळजोडणी ही 2015च्या महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियमाखाली पालिकांनी मुदतीत द्यायची सेवा आहे. मुदत उलटली तर अपील करताना हाच क्रमांक लागतो.

## 3. माल: पाइपावरची अक्षरं वाचा

दुकानात पाइप हातात घ्या आणि त्यावर काय छापलंय ते वाचा. आयएसआय खुणेसोबत मानकाचा क्रमांक असतो:

- आयएस 15778: सीपीव्हीसी, म्हणजे उष्णता सोसणारा प्लास्टिकचा पाइप. गरम आणि थंड, दोन्ही पाण्याला चालतो.
- आयएस 4985: पिण्याच्या पाण्याचा यूपीव्हीसी, म्हणजे साधा कडक प्लास्टिकचा पाइप. फक्त थंड पाणी.
- आयएस 1239: जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी पाइप.
- आयएस 13592: हा सांडपाण्याचा पाइप. पिण्याच्या पाण्याला कधीच नाही.
- आयएस 12701: प्लास्टिकची पाण्याची टाकी.

सीपीव्हीसीवर एसडीआर 11 किंवा एसडीआर 13.5 असं लिहिलेलं असतं. आकडा लहान तेवढी पाइपाची भिंत जाड. गरम पाण्याला आणि भिंतीत गाडल्या जाणाऱ्या लाइनला मी 11च घ्यायला सांगतो. पाइपामागे वाचलेले पैसे एका फुटलेल्या टाइलमध्ये जातात.

पाइप एका कंपनीचा, फिटिंग दुसऱ्याची आणि सोल्युशन तिसऱ्याचं, असं करू नका. यूपीव्हीसीचं सोल्युशन सीपीव्हीसीला वापरणं ही तर हमखास गळतीची सोय. आट्यांच्या जोडांना धागा आणि सफेदा लावायची जुनी सवय पिण्याच्या लाइनवर मोडून काढा. टेफ्लॉन टेप वापरा.

## 4. रस्त्यापासून मीटरपर्यंत

मुख्य वाहिनीला भोक पाडून फेरूल, म्हणजे तुमचा पाइप वाहिनीला जोडणारं फिटिंग, बसवण्याचं काम पालिकेची माणसं करतात, किंवा त्यांच्या देखरेखीखाली होतं. परवानगीशिवाय वाहिनीला हात लावला तर जोडणी अनधिकृत ठरते, मग मीटर बसवलेला असला तरी.

फेरूलपासून तुमच्या हद्दीपर्यंतच्या पाइपाचं काम पुढे कधीच दिसणार नसतं, म्हणून इथे जास्तीत जास्त लक्ष द्या. वाटेत गटार आलं की कारागीर सरळ गटारातून पाइप नेतो, कारण खोदाई वाचते. पाइप गटाराच्या पाण्यात बुडालेला राहतो, काही वर्षांत जोड सैल होतो, आणि पाणी बंद झालं की त्याच फटीतून गटाराचं पाणी आत शिरतं. पाणी सुटल्यावर पहिली पाच-दहा मिनिटं गढूळ, वास येणारं पाणी येत असेल, तर पहिला संशय याच जागेवर घ्यायचा.

पाइप गटाराच्या वरून न्या, बाहेरून जाड आवरणाचा पाइप घाला, आणि त्या टप्प्यात एकही जोड ठेवू नका. ड्रेनेजच्या चेंबरमधून पाइप नेणं तर पूर्ण वर्ज्य. मोठ्या वाहिन्यांसाठी जलवाहिनी आणि मलवाहिनी यांत आडवं 3 मीटर आणि छेदताना उभं अर्धा मीटर अंतर ठेवायची शिफारस असते. घराच्या आवारात 3 मीटर जमत नाहीत, पण पाण्याचा पाइप वर आणि मैल्याचा खाली, हे कुठेही जमतं.

हद्दीच्या आत आधी स्टॉपकॉक, मग मीटर. मीटर आडवा, बाणाची दिशा पाण्याच्या दिशेनं, आधी व्यासाच्या दहापट आणि नंतर पाचपट सरळ पाइप. 15 मिमीच्या मीटरला म्हणजे आधी 15 सेंमी आणि नंतर साडेसात सेंमी. मीटरला लागूनच एल्बो लावला तर वाचन चुकू शकतं. मीटर वाचणाऱ्याला घरात न येता दिसेल अशा जागी तो ठेवा, आणि पेटीत पावसाचं पाणी साचणार नाही हे पाहा.

सावध: मीटर बसवण्याआधी त्या जागी तेवढाच पाइपाचा तुकडा लावून लाइन धुऊन घ्या. खोदाईतली माती आणि वाळू नव्या मीटरच्या चक्रात गेली तर तो पहिल्याच आठवड्यात अडकतो.

तपासा: मीटरच्या आधी एकही टी, म्हणजे फाटा काढणारा जोड, नाही ना? बागेचा नळही मीटरनंतरच हवा.

## 5. हौद

पुरवठ्याच्या पाइपाचं तोंड हौदात पाण्याच्या कमाल पातळीच्या वर राहिलंच पाहिजे. मधल्या मोकळ्या जागेला हवेचं अंतर म्हणतात. ते पाइपाच्या व्यासाच्या दुप्पट आणि कुठल्याही परिस्थितीत 25 मिमीपेक्षा कमी नको. मी तर सरळ एक वीत ठेवतो. कमाल पातळी म्हणजे फ्लोट व्हॉल्व्ह (हौद भरला की पाणी आपोआप थांबवणारा तरंगता व्हॉल्व्ह) बंद होण्याची पातळी नव्हे. फ्लोट बिघडला तर पाणी ओव्हरफ्लोच्या तोंडापर्यंत चढेल, म्हणून अंतर ओव्हरफ्लोच्या कडेपासून मोजायचं.

रात्री पाणी पडण्याचा आवाज येतो म्हणून पाइप हौदाच्या तळापर्यंत सोडलेला मी कितीतरी घरांत पाहिला आहे. मालकानं सांगितलं आणि प्लंबरनं केलं. दोघांपैकी कुणाला आपण नळाची सगळ्यात मोठी सुरक्षा काढून टाकतोय हे ठाऊक नव्हतं. आवाजाचा त्रास असेल तर पाण्याची धार हौदाच्या भिंतीवरून सोडा. पाइपाचं तोंड वरच ठेवा.

हौदाचं झाकण जमिनीपासून किमान अर्धा फूट उंच कठड्यावर, घट्ट बसणारं हवं. जमिनीलगत झाकण असलं की पहिल्या पावसात अंगणातलं पाणी आत जातं. ओव्हरफ्लोचा पाइप पुरवठ्याच्या पाइपापेक्षा जाड ठेवा, तोंडाला बारीक जाळी लावा, आणि तो उघड्यावर, दिसेल असा सोडा. ओव्हरफ्लो थेट ड्रेनेजच्या चेंबरला जोडला तर चेंबर तुंबेल त्या दिवशी मैला हौदात येईल.

## 6. पंप आणि गच्चीवरची टाकी

पंपानं पाणी खेचायचं ते हौदातूनच. थेट लाइनला मोटर लावणं हा गुन्हा आहे. पालिका मोटर जप्त करते आणि जोडणी तोडते. पण दंडापेक्षा मोठी गोष्ट वेगळी आहे. मोटर वाहिनीत पोकळी निर्माण करते आणि वाटेतल्या प्रत्येक फटीतून बाहेरचं पाणी आत ओढते. एका घरात उन्हाळ्यात सगळ्यांना जुलाब झाले. शेजारच्या दोन घरांत काहीच नव्हतं. लाइन एकच, गटार एकच. फरक एवढाच की या घरात अर्धा अश्वशक्तीची मोटर थेट मीटरनंतर लावलेली होती. आपल्या घरात गटाराचं पाणी आणायला त्यांनी विजेचं बिल भरलं होतं, आणि त्यांना ते माहीतही नव्हतं.

टाकी संपूर्ण तळाला आधार देणाऱ्या सपाट चौथऱ्यावर ठेवा. हजार लिटर म्हणजे एक टन वजन. दोन गर्डरवर ठेवलेली प्लास्टिकची टाकी मधून वाकते आणि नळाच्या जोडापाशी फुटते. टाकीला पाच गोष्टी हव्यात: वरून पुरवठा, तळापासून दोन इंच वर बाहेरचा पाइप, अगदी तळाला धुण्यासाठी व्हॉल्व्ह, जाळीचा ओव्हरफ्लो आणि घट्ट झाकण. जाळी नसली की डेंग्यूचे डास तिथेच वाढतात आणि आरोग्य खात्याची नोटीस येते.

## 7. घरातली लाइन

प्रत्येक मजल्याला, प्रत्येक बाथरूमला आणि स्वयंपाकघराला वेगळा व्हॉल्व्ह. गरम पाणी डावीकडे, थंड उजवीकडे. सीपीव्हीसी गरम पाण्यानं लांबतो, म्हणून क्लॅम्प आवळून टाकू नका, पाइप सरकू द्या. वाळवीची तेलकट फवारणी आणि ऑइल पेंट यांच्याशी त्याचा संपर्क येऊ देऊ नका. पाइप ठिसूळ होतो.

गिझरसोबत सेफ्टी व्हॉल्व्ह येतो. तो बाजूला ठेवून साधा एनआरव्ही (पाणी एकाच दिशेनं जाऊ देणारा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह) लावण्याची सवय धोकादायक आहे. पाणी तापून फुगतं, एनआरव्ही त्याला मागे जाऊ देत नाही, आणि थर्मोस्टॅट बिघडला तर टाकी फुटू शकते. सेफ्टी व्हॉल्व्ह आणि गिझर यांच्यामध्ये कुठलाही कॉक नको. व्हॉल्व्हचं तोंड उघडं ठेवा, त्याला बूच मारू नका.

संडासातल्या जेट स्प्रेच्या लाइनवर एनआरव्ही लावा. जेट कमोडमध्ये पडून राहिला आणि वरची टाकी रिकामी झाली, तर तेच पाणी घरातल्या इतर नळांकडे जाऊ शकतं.

## 8. बोअर असेल तर

बोअरचं किंवा टँकरचं पाणी आणि पालिकेचं पाणी यांच्या लाइन एकमेकींना कुठेही जोडायच्या नाहीत. मध्ये व्हॉल्व्ह ठेवून तो बंद ठेवला तरी चालत नाही. व्हॉल्व्ह गळतो, कामवाल्या माणसाला तो बंद का आहे हे माहीत नसतं, आणि पाणीटंचाईत कुणीतरी तो उघडतोच. बोअरला वेगळी टाकी आणि वेगळी लाइन द्या. ती फ्लश, बाग आणि गाडी धुण्यापुरती ठेवा, आणि पाइपाला दर दोन मीटरवर रंगाचा पट्टा मारा. बोअर आटल्यावर त्या टाकीत पालिकेचं पाणी हवं असेल तर ते वरून, हवेचं अंतर ठेवून सोडा.

2025च्या जानेवारीत पुण्यात सिंहगड रस्त्याच्या पट्ट्यात जीबीएसचे (गिलियन-बॅरे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराचे) रुग्ण वाढले, तेव्हा विहीर, टँकर, आरओ केंद्रं आणि घरगुती नळ अशा सगळ्या ठिकाणांचं पाणी तपासावं लागलं. ज्या घरात दोन स्रोत एकाच टाकीत पडतात, तिथे दोष कुठल्या पाण्यात आहे हे नमुन्यावरून सांगणं अवघड होतं.

## 9. प्लास्टरआधी दाबचाचणी

सोल्युशनच्या डब्यावर लिहिलेला वेळ पूर्ण जाऊ द्या. मग सगळ्या तोंडांना बूच मारा, पाणी भरा, सगळ्यात उंच तोंडातून हवा काढा आणि हातपंपानं दाब द्या: कामाच्या दाबाच्या दीडपट किंवा पाइप कंपनीनं सांगितलेला, यांतला जो जास्त असेल तो. गिझर आणि मिक्सर तेव्हा जोडलेले नकोत. गेजचा काटा तासभर हलला नाही पाहिजे. हलला तर प्लास्टर थांबवा, मिस्त्री कितीही घाई करो.

सावध: प्लास्टिकच्या पाइपाची चाचणी कॉम्प्रेसरच्या हवेनं कधीच करू नका. पाइप फुटला तर तुकडे गोळीसारखे उडतात.

चाचणी झाली की प्रत्येक भिंतीचा फोटो, शेजारी मोजपट्टी धरून, काढा. पुढे भिंतीत ड्रिल मारताना याची आठवण येईल.

## 10. निर्जंतुकीकरण

ही पायरी जवळजवळ प्रत्येक घरात गाळली जाते. नव्या पाइपात कारागिरांच्या हातांची, मातीची आणि सिमेंटची घाण असते.

हौद आणि टाकी आधी घासून धुवा. मग पाण्यात लिटरला 50 मिलिग्रॅम क्लोरीन पडेल एवढी ब्लीचिंग पावडर घाला. 25 टक्के क्लोरीनच्या पावडरीचे 1000 लिटरला 200 ग्रॅम लागतात. पावडर बादलीत पाण्यात कालवा, गाळ बसू द्या, वरचं निवळ पाणी टाकीत ओता. आरओ आणि गिझर लाइनमधून वेगळे ठेवा. टाकीच्या सगळ्यात जवळच्या नळापासून सुरुवात करून लांबच्या नळाकडे जात एकेक नळ क्लोरीनचा वास येईपर्यंत उघडा, मग बंद करा. रात्रभर तसंच ठेवा. सकाळी सगळं काढून टाका आणि साध्या पाण्यानं दोनदा धुवा.

सावध: हातमोजे घाला, हवा खेळती ठेवा, आणि ब्लीचिंग पावडर ॲसिडच्या टॉयलेट क्लीनरजवळही नेऊ नका. त्यातून विषारी वायू निघतो.

## 11. पाणी सुरू झाल्यावर

गळती तीन टप्प्यांत पाहायची, कारण एकाच तपासणीत सगळं दिसत नाही. पाणी सुटलेलं असताना हौद भरून फ्लोट बंद झाला की मीटरचा काटा थांबला पाहिजे. फिरत असेल तर गळती मीटर आणि हौद यांच्या मध्ये आहे. पाणी बंद झाल्यावर हौदाच्या भिंतीवर खडूनं रेघ मारा, पंप चालवू नका, आणि सकाळी पातळी पाहा. गच्चीवरच्या टाकीचंही तसंच. तिची पातळी उतरली तर मजल्यांचे व्हॉल्व्ह एकेक करून बंद करा, चोर लगेच सापडतो.

स्वयंपाकघराच्या नळाला ओटी चाचणी करा, म्हणजे पाण्यात ऑर्थोटोलिडीनचे थेंब टाकून क्लोरीन तपासा. पाणी फिकट पिवळं व्हायला हवं, म्हणजे लिटरला किमान 0.2 मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक आहे. रंगच आला नाही तर एक नमुना हौदाआधीच्या नळातून आणि एक हौदातून घ्या. कुठे क्लोरीन संपतं ते कळेल. जंतूंच्या तपासणीसाठी जिल्हा सार्वजनिक आरोग्य प्रयोगशाळेची निर्जंतुक बाटली आणून तिच्यातच नमुना भरा. घरच्या बाटलीतला नमुना निरुपयोगी ठरतो.

शेवटी प्लंबरकडून परिपूर्तीचा दाखला घ्या. त्याची एक प्रत पालिकेला द्या. दुसरी प्रत, चार रंगांचा आराखडा आणि मीटरचा क्रमांक व पहिलं वाचन लिहिलेला कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून मीटरच्या पेटीच्या दाराला आतून चिकटवा. पुढच्या दुरुस्तीला येणारा कारागीर बहुधा वेगळाच असेल, आणि कुठला पाइप कुठल्या पाण्याचा हे त्याला भिंत फोडण्याआधी कळायला हवं.